शंभर मीटर अलीकडे

फ्रिजवर एक कागद: एक, अडतीस, चौदा.
अर्धमॅरेथॉन, माझी सर्वात चांगली वेळ,
तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.
आता एकोणपन्नास.
फ्रिज दोनदा बदलला,
कागद दर वेळी नव्या दारावर आला.

पहाटे पाचला डेपोत शाळेच्या बसला
हीटरची वायर जोडायची,
आणि इंजिन ऊब धरेपर्यंत
केमीच्या काळोखात पळायचं.
हळू, ताइस्तो ओरडतो.
अठ्ठ्याहत्तरचा ताइस्तो, सायकलवर, कानटोपीत.
वेगात पळायचं तर आधी हळू पळ,
पळताना बोलता आलं पाहिजे.
काय बोलू?
तुझे थांबे बोल.
मग मी थांबे म्हणत जाते,
लाकडाची वखार, दवाखाना, चर्च, बंद पडलेली कागद गिरणी,
इतकी हळू, की कुत्रा फिरवणारी लेम्पी
मला मागे टाकते
आणि वळून विचारते, पाय दुखतोय का गं?

मंगळवारी खिळ्यांचे बूट.
एक किलोमीटर, सहा वेळा, बर्फावर.
पापण्या चिकटतात.
पूर्वी पोटऱ्या दोन दिवसांत सगळं विसरायच्या,
आता डाव्या टाचेला विचारूनच
मी जिना उतरते.

मागच्या सप्टेंबरात एक, एकोणचाळीस, दोन.
पार्किंगमध्ये काचा वर करून रडले.
एस्कोने सॅमन सूप केलं होतं,
ते तसंच झाकून ठेवलं त्याने.

मार्चमध्ये, नदीकाठी, ताइस्तो म्हणाला,
तो शंकू.
कुठला शंकू?
तुझ्या त्या शर्यतीतला. वळायचा.
पुलापलीकडे चिखल होता, व्हॅन रुतली असती.
मी अलीकडेच ठेवला.
शंभर मीटर.

बराच वेळ फक्त त्याच्या सायकलची साखळी वाजत होती.

शंभर जाताना, शंभर येताना.
बस पाच मिनिटं उशिरा निघाली की करते
तसा हिशोब केला:
छप्पन्न सेकंद, फार तर.
म्हणजे खरी वेळ एक, एकोणचाळीस, दहा.
म्हणजे त्या सप्टेंबरात
काचा वर करून रडणारी ती बाई
आठ सेकंदांनी जिंकली होती,
आणि सूप गार होत होतं.

अठरा वर्षं, ताइस्तो?
तू किती नाचली होतीस, तो म्हणाला.
मग आत्ताच का सांगितलंस?
त्याने हँडलवरचा बर्फ अंगठ्याने खरवडला.
डॉक्टर म्हणतात, सायकल आता पुरे.

मी त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाही.
टाच दुखली, तरी सांगितलं नाही.
थांबे मनातल्या मनात म्हटले.
पंधराव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या दारात गेले,
त्याला गाडीत घातलं, पुलावर नेलं.
कठड्याला टेकवून हातात घड्याळ दिलं.
इथे होता शंकू?
जरा पुढे. हां, तिथे.

वाळू टाकलेल्या बर्फावर
बस चालवायच्या बुटांनी
पलीकडे शंभर, वळून परत शंभर.
धाप अशी, की एकही थांबा आठवेना.

बावन्न, तो म्हणाला.

हात पुढे करून मी म्हटलं,
घड्याळ दाखव.