शून्य उचलताना

ओव्हिला थिबोडो गेला. परवा, झोपेतच.
चर्चच्या तळघरात कॉफी, हॅमची सँडविचेस,
आणि तो चेंडू पुन्हा हवेत.

कुणी म्हणतं, नदीत पडला.
कुणी म्हणतं, नदीपलीकडे,
कागद गिरणीच्या ओंडक्यांच्या राशीत.
म्हातारी पेल्तिए तर शपथेवर सांगते,
तिच्या वाळत घातलेल्या चादरीला भोक पडलं
आणि नवऱ्यानं ते शिवू दिलं नाही.
सत्तावन्नचा सप्टेंबर, मोसमाचा शेवटचा सामना,
दोन बाद, एक धाव कमी, पहिल्या बेसवर कुणीतरी.
चारशे माणसं मावायची त्या मैदानात.
आज ऐकावं तर अख्खा जिल्हा तिथे होता.

मी होतो. खरंच होतो.
बारा वर्षांचा, धावफलकामागच्या फळीवर,
सामन्याला पंचवीस सेंट आणि एक सोडा.
पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवायचे, बस.
ओव्हिला त्या महिन्यात
वाऱ्यालाच बॅट मारत होता.
म्हणून मी वाकलो,
शून्य उचलायला.

तेव्हाच तो आवाज.
रिकाम्या घरात कुणी एकदाच
कपाटाचं दार लावावं, तसा.
मग काहीच नाही. चारशे माणसं श्वास विसरलेली.
फळीवरून एक सावली सरकली,
चिमणीएवढी.
मान वर केली तर आभाळ नुसतं आभाळ.

पुढे तो लोकांच्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करायचा.
एका जानेवारीत आमच्याकडे आला.
कोपरापर्यंत काजळी, पाना दातात.
तो काढून म्हणाला, "तू वर होतास ना रे तेव्हा?
मी खाली मान घालून पळत सुटलो.
मला दिसलाच नाही. कुठे गेला?"

आयुष्यात इतकं सरळ तोंड करून
मी दुसरं खोटं बोललो नाही.
नदीवरून, म्हटलं. बराच वेळ. उतरताना दिसलाच नाही.
तो भट्टीकडे बघत राहिला.
ज्योत निळी झाली.
पैसे घेतले नाहीत त्यानं.

आता सगळे माझ्याकडे वळलेत,
तू तर वर होतास, सांग.
मी सांगतो. नदीवरून. बराच वेळ.

त्या खणात मी काय अडकवलं
ते कुणी विचारत नाही.
दोनचा आकडा सापडला नाही त्या गोंधळात.
शून्य मी शर्टात घालून घरी नेलं.
खण तसाच राहिला,
बर्फानं भरेपर्यंत.