वारा आत येत नाही

उद्घाटनाला पुण्याचा आर्किटेक्ट म्हणाला,
ताशी दोनशेचा वारा सोसेल ही इमारत.
मागच्या रांगेतून ठवरे हळूच बोलले,
"समुद्र म्हणजे अंबाझरी, बाप्पा आपल्याकडं,
कोणाच्या भीतीनं बांधून राहिले?"
आम्ही हसलो. संत्रा बर्फी खाल्ली.
हसताना सगळ्यांनाच आठवत होता तो मे,
मानकापूरला सतरा खांब एका रांगेत झोपले
आणि आमच्या जुन्या कंट्रोल रूमचे पत्रे
शाळेच्या मैदानात सापडले,
कोणी घडी घालून ठेवल्यासारखे.
त्या रात्री दातांत टॉर्च धरून
आम्ही फोन घेत होतो.
अख्खं शहर विचारत होतं, लाईन कधी येते,
आणि आमचीच गेलेली.

इथल्या भिंती दीड फुटाच्या.
विटा राखेच्या, कोराडीच्या चिमणीखालच्या.
जो कोळसा जळला म्हणून गावाचे कूलर फिरले
त्याचंच उरलंसुरलं आता
पश्चिमेचं ऊन अडवून उभं आहे.
बाहेर सेहेचाळीस, आत सव्वीस.
कंपनीनं कंपनीला पाठवलेलं बिल
निम्म्याहून कमी आलं,
साहेबांनी ते फ्रेम करून जिन्यात लावलं.

वाळ्याचा वास तेवढा गेला.
कूलरमध्ये पाणी भरायची माझी पाळी मंगळवारी असायची.
आणि गेला पत्र्यांचा आवाज.
पत्र्यांना आधी कळायचं.
एक कोपरा वाजला की ठवरे पेन खाली ठेवायचे,
"उत्तरेकडून हाय. गोरेवाडा फीडर जाते आता."
जायचाच.

काल रात्री वादळ आलं
आणि मला ऐकू आलं नाही.
भिंतीएवढ्या पडद्यावर नुसते आकडे,
एकसष्ट, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी.
फीडर एकेक करून लाल होत गेले.
ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही.

रूपचंद उईके खांबावर होता.
त्याचं परमिट माझ्या टेबलावर, निळ्या बॉलपेननं,
नंबर एकशे बारा.
वायरलेसवर त्याचा आवाज फाटून आला,
"मॅडम, जम्पर झाला. उतर...ओ. चार्ज करा."

उतरलो? की उतरतो?
मध्ये एखादा 'मग' होता का,
की तो वाऱ्यानं नेला?
विचारलं. नुसती खरखर.
रांगेत एकशे चौदा फोन.
पडदा म्हणत होता, फीडर तयार.
खोली इतकी शांत
की मलाही वाटू लागलं, बाहेरही अशीच शांतता असेल,
माणूस उतरला असेल, बिडी पेटवत असेल.

मी उठले.
जिन्याजवळचं जाड दार, त्यामागचं दुसरं दार,
दोन्ही खांद्यानं ढकलली.
वाऱ्यानं मला भिंतीवर नेऊन ठेवलं.
तोंडात धूळ, ओढणी मानेभोवती.
अशात कोणी चार मिनिटांत खाली येत नाही.
अशात माणूस खांबाला मिठी मारून
डोळे मिटून बसतो.

परत आले. बटणाला हात लावला नाही.
"उईके, परमिट नंबर सांगा."
खरखर.
"नंबर सांगा."
एका फोनवर कोणीतरी आईवरून शिवी दिली,
ऐकून घेतली.
अकरा मिनिटं.

मग एकदम स्वच्छ,
"एकशे बारा, मॅडम. आत्ता टेकले पाय.
मघाशी सांगितलं होतं, उतरतो म्हणून.
बंद होता का तुमचा कान?"

बंद होता. बांधूनच तसा दिलाय.

सकाळी सूचनांच्या वहीत लिहिलं,
गच्चीवर एक पत्रा हवा,
साधा, एका कोपऱ्याला सैल ठेवलेला,
आणि त्याच्याखाली खोलीत उघडणारं
वीतभर भोक.

संध्याकाळी स्थापत्य विभागाचा शेरा आला,
लाल शाईत:
खर्च कोणत्या हेडखाली?