दोरी

हडर्सफील्डच्या त्या चढावरच्या गल्लीत
आमच्या दाराची किल्ली दोरीला बांधून
आतल्या बाजूनं लोंबत असायची, पत्रांच्या फटीमागे.
हात घालायचा, दोरी ओढायची, घर उघडायचं.
हे डेल्रॉयला ठाऊक होतं, दूधवाल्याला ठाऊक होतं,
बूथरॉइडबाईंच्या मांजरालाही, बहुतेक.

शाळा सुटली की मी आणि थोरला शिरीष
मागच्या बोळातून यायचो, गुडघे फुटलेले,
खिशात चेस्टनटच्या बिया
(आई त्यांना रिठेच म्हणायची).
आई इस्पितळातून यायला सहा वाजत.
तोवर कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरावं.
डेल्रॉयच्या आजीकडे तळलेली केळी,
बूथरॉइडबाईंकडे पावावर गोठलेली चरबी आणि मीठ,
ती कशाची, हे घरी सांगायचं नाही.

बाबा रंगांच्या कारखान्यात केमिस्ट.
आज कुठला रंग निघाला
ते त्यांच्या नखांवरून कळायचं.

एका शनिवारी दोरी नव्हती.
मी फटीत हात घातला, पार कोपरापर्यंत.
नुसतीच हवा.
आईनं आतून कडी काढली, मला घेतलं, परत लावली.
आमच्या दाराला कडी आहे
हे मला त्या दिवशी कळलं.
"गुंता झाला होता गं," बाबा म्हणाले.
नखं निळी. आवाज नेहमीचाच.

सोमवारी बूथरॉइडबाई आल्या,
हातात लाल लोकर, स्वेटरमधून उरलेली,
तिपेडी वळून आणलेली.
दारातच उभ्या राहून बराच वेळ काहीतरी बोलल्या, हळू.
बाबा खाली मान घालून ऐकत होते,
गृहपाठ न केलेल्या मुलासारखे.
मग दोघांनी मिळून किल्ली बांधली.
मला एवढंच वाटलं,
लाल दोरी चटकन सापडते.

चौहानांच्या दुकानाची काच
त्या शुक्रवारी रात्री फुटली होती,
विटेला कागद गुंडाळलेला होता,
हे मी ऐकलं वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी,
शिरीषकडून, फोनवर, भाजीचे भाव बोलता बोलता.
आणि हेही, की पुढे महिनाभर
डेल्रॉयचे वडील रात्रपाळीहून येताना
गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकदा चालायचे
आणि मगच आपल्या घरात शिरायचे.

त्यांचे बूट आठवतात मला.
अर्धवट झोपेत ऐकू यायचे, पहाटे.
मी कूस बदलायचे.
वाटायचं, दूध आलं.