तेलबदल

डिचोलीत काणकोणकरांच्या दुकानी
सोनेरी डब्यावर शर्यतीची गाडी छापलेली.
माझी गाडी कुठल्याच शर्यतीत नाही.
सकाळी साडेसातला ती पणजीला निघते,
मांडवीच्या पुलावर पहिल्या-दुसऱ्यात कण्हते,
येताना मागच्या सीटवर नारळ,
नाहीतर सासूबाई.

मिंगेलने डिपस्टिक पुसली, परत बुडवली,
थेंब दोन बोटांत धरून बघितला
पाकाची तार बघतात तसा.
"म्हारग कित्याक?" म्हणाला,
"आंकडो सारको आसूं,
आनी वेळार बदल."

साधा डबा घेतला. चारशेंनी स्वस्त.
आकडा मात्र दोनदा वाचला, चष्मा लावून.
निघालेलं काळं तेल त्याने बाटलीत भरून दिलं,
कुंपणाच्या खांबांना फासायला,
वाळवीसाठी.

घरी जाताना रेडिओ बंद ठेवला,
काच खाली केली,
काटकसर ऐकू येते का, कान देऊन बसलो.
डाव्या दाराची जुनी खडखड तेवढी आली.

बॉनेटच्या आतून मिंगेल दर खेपेला
पांढऱ्या रंगात किलोमीटर लिहितो,
एकाखाली एक.
मधल्या दोन खेपा मी चुकवल्या होत्या.
तेवढी जागा त्याने
कोरी सोडली आहे.