भाता

जालन्यात, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला,
जिथं वाळत घातलेल्या ओढणीवर भट्ट्यांची काजळी बसते,
तिथं अजमतुल्ला उस्तादांचं गॅरेज.
पत्र्याखाली बागडियांची लाल गाडी:
दोन दारं, दोन माणसं, साल एकोणीसशे त्रेसष्ट,
बसलं की बूड रस्त्याला शिवेल इतकी ठेंगणी.

जुनं इंजिन मंगळवारी काढलं.
चेनपुलीवर ते हळूच गिरकी घेत राहिलं,
कुठं बघावं ते न कळलेल्या माणसासारखं.
उस्ताद बोलले, "साठ साल चला. सलाम करो."
मी हातातला पाना खाली ठेवला.
बागडियांना सरकीच्या पाकिटांचे फोन येत होते.
"बाबांची गाडी आहे," ते म्हणाले,
"पण समृद्धीवर दुधाचा टँकर हॉर्न देऊन पुढं जातो हो."

नवं इंजिन पलटी झालेल्या एका जर्मन गाडीतलं.
सुपरचार्जरवाल्या त्या गाडीच्या सीटखाली काचेचा चुरा
आणि एक चप्पल, डाव्या पायाची.
उस्तादांनी ती फेकू दिली नाही.
अजून आहे फळीवर, ग्रीसच्या डब्यापाशी.

मग माझं काम सुरू झालं.
ह्याचं भोक त्याच्या भोकाशी जुळत नव्हतं,
जर्मन इंजिन आणि इंग्रजी गिअरबॉक्स
पाहुण्यांसारखे एकमेकांकडं बघत बसलेले.
मधी बसवायला प्लेट कातायची होती.
अर्ध्या सुताचा फरक राहिला तर
दोन महिन्यांत बेअरिंग खाऊन टाकील.
तीन प्लेटा भंगारात गेल्या.
चौथीला लेथवर रात्रीचे अडीच वाजले,
चिप्स निळ्या होऊन हातावर उडत होत्या,
पोरगं पोत्यावर झोपलेलं.

शाफ्ट कापला, मागची भिंत ठोकून आत दाबली,
रेडिएटर पुढं सरकवला.
सगळं बसलं,
आणि बॉनेट लागेना.
दोन बोटं.
उस्ताद हसत सुटले,
"कौसल्या, तू बोलती ना हमेशा, स्वर्ग दोन बोटं उरला. देख, नापलेत मी. येईच है!"

त्या दुपारी ते चार्जरवर हात ठेवून म्हणाले,
"समझी, ये क्या करता?
हवा कोंबतंय आत. खुद तो इंजिनसेच घुमता,
और इंजिनकोच फुकतंय."
समजलं की, उस्ताद.
आम्ही घिसाडी.
पाल टाकायचो अंबडच्या बाजारात, परतूरला, मंठ्याला,
आई घण मारायची, बाप सांडशी धरायचा,
आणि भात्याचं चाक माझ्याकडं.
मोठं चाक, त्यावर पट्टा, पट्ट्यावर इवलासा पंखा,
मी हळू झाले की निखारा काळा पडायचा,
बाप नुसतं बघायचा, बोलायचा नाही.
सहा वर्षांची मी
एवढं वारं फुंकलंय त्या कोळशात,
की कुणी ते मोजून ठेवलं असतं तर
ही गाडी नागपूरला जाऊन माघारी आली असती.

बॉनेटला आम्ही कुबड काढलं.
पत्रा तापवून, वाळूच्या पोत्यावर ठोकून, हातानं.
दोन बोटं उंच.
बागडिया म्हणाले, जुन्या गाडीचं तोंड बिघडलं.
उस्ताद म्हणाले, तुम्हीच जोर मागितला, आता जोर झाका कसा?

शुक्रवारी रात्री चावी फिरली.
आधी खोकली.
मग सगळ्या आवाजाच्या वर
एक बारीक, चढत जाणारी शीळ.
बागडिया शेजारी बसले, त्यांचा फोन वाजत होता,
त्यांनी तो घेतला नाही.
समृद्धीच्या नाक्यापर्यंत उस्ताद दबकत नेत होते,
मग त्यांनी पाय दाबला
आणि मागचा लाल दिवा
एकदम बारीक होत गेला, मोहरीएवढा.

मी गेटापाशी उभी.
माझा उजवा हात
हवेत गोल फिरत होता,
मला कळलं तेव्हा थांबवला.

आत जुनं इंजिन
बारदानात गुंडाळून, लाकडी ठोकळ्यांवर.
त्याखाली ठेवलेल्या ताटलीत
तेलाचा अजून एक थेंब पडला.