गळती

भोसरीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं लेथवर होतो.
दोन शतांश इकडेतिकडे झाले की जॉब रिजेक्ट.
म्हणून बासरी घरी आणली त्या संध्याकाळी
आधी फुंकलीच नाही,
व्हर्नियर लावला.

सहा भोकं, सहाची सहा वेगळी.
आतून धड गोलसुद्धा नाही.
असला माल मी भंगारात टाकला असता.

केतकी म्हणाली, "काका, बांबू आहे तो.
वाढलाय. कुणी बनवला नाही."
तिचं वय तेवीस. क्लास धनकवडीत, गिरणीच्या वर,
जिना चढेपर्यंत सदऱ्यावर पीठ बसतं.
शेजारी पाचवीतला शार्विल,
त्याचा भूप झाला. माझा अजून सा.

महिनाभर नुसता सा.
खालचे बोडस जिन्यात गाठून विचारतात,
"कुकरची रिंग बदलली का?"

पण खरी अडचण वेगळीच.
"हवा वाया जातेय," केतकी सांगते,
"सुराच्या कडेने सुस्स होतंय बघा. ऐका."
ऐकतो. काही नाही.

डॉक्टरांनी मागेच आलेख दाखवला होता:
इथवर ठीक, मग रेघ एकदम खाली,
कात्रजचा बोगदा संपल्यावर रस्ता उतरतो तशी.
प्रेस शॉप भिंतीपलीकडेच होतं.
त्यात चिमण्या गेल्या,
तव्यावरची चुरचुर गेली,
कुमुदच्या बांगड्या कधी गेल्या कळलंच नाही.
मला वाटायचं, तिने घालणं सोडलं.

केतकीला हे बोललो नाही.
वय सांगून झालं होतं,
आणखी किती सांगायचं.

शेवटी कारखानाच कामाला आला.
एअर लाइन गळत असली की आम्ही कान लावत नसू,
साबणाचं पाणी लावायचो.
बुडबुडा खोटं बोलत नाही.

देवापुढची उदबत्ती उचलली,
खुर्चीच्या पाठीला रबरबँडने बांधली,
आणि फुंकलो.
धूर विस्कटला.
ओठ आवळले. विस्कटला.
बासरी नखभर आत वळवली.
विस्कटला, पण जरा कमी.

कुमुद दारात. "देवाची आहे ती."
"टेस्टिंग चालू आहे," म्हटलं.
ती मेथीची जुडी घेऊन समोर बसली.
मान वर न करता सांगू लागली:
"आहे अजून."
"आहे."
"आहे. आणि तुम्ही खांदे कशाला उचलताय?"

किती उदबत्त्या गेल्या मोजल्या नाहीत.
परवा धूर उभाच राहिला,
वर जाऊन थोडा वाकला, बस.
मी तिच्याकडे पाहिलं.
मेथीतला हात थांबलेला.
तोंडाने काही नाही, हातच वर केला,
थांबू नका, असा,
आणि बांगडी मनगटावरून कोपराकडे घसरली.

वाजली असणार.