शेरा

पांढरी पेटी उत्तरेकडे उघडते, सातपुड्याकडे,
ऊन आत डोकावू नये म्हणून.
तिरक्या पट्ट्यांतून वारा येतो-जातो, ऊन येत नाही.
सावद्यात एवढी शिस्त दुसऱ्या कुठल्या दाराला नाही.

आत एक नळी कोरडी,
एक ओल्या मलमलीत गुंडाळलेली, तापातल्या पोरासारखी.
दोघींत जेवढं अंतर, तेवढी हवा तहानलेली.
त्या दिवशी अंतर बावीस अंशांचं.
बाटलीतलं पाणी वातीला पुरेना,
आणि सुपडू तडवी म्हणाला,
"बाई, आज त्या नळीले बी ऊन लागलं."

एकोणीस वर्षं मी सकाळी साडेआठला, संध्याकाळी साडेपाचला
आभाळाचे आठ हिस्से करते,
भावकीत वाटणी करावी तसे. मोजणीदार लागत नाही.
मान वर करायची,
ढगाच्या वाट्याला किती गेलं तेवढा गोल काळा करायचा.
धूसर असेल तर आडवा आठ.
वारा पडला असेल तर गोलात गोल.
असेल तर एक काठी, काठीला पिसं,
अर्धं पीस पाच, आख्खं दहा.
काठीचं तोंड, तो जिथून आला तिकडे.
वाऱ्याला माहेरचंच नाव लागतं,
पश्चिमेचा तो पश्चिमेचा, कुठेही नांदो.
हे मला शिकवणाऱ्या जावळे सरांनीच
लग्नानंतर हजेरीतलं माझं नाव खोडून नवं लिहिलं होतं.

पन्नास नॉटला त्रिकोणी पताका असते.
ती कधी काढावी लागली नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर सराव तेवढा.

मे महिन्यातला शेवटचा गुरुवार.
दाबाची जांभळी रेघ दुपारपासून उताराला.
पाच चाळीसला खांबावरचा बाण गरकन फिरला,
डोंगराच्या अंगाला लालसर भिंत उठली,
आणि खाली जाणारी रेघ
उसळली, झोपेत कुणी हाक मारल्यासारखी.
दहा मिनिटांत पारा चौदा अंश खाली.

मी फिरत्या वाट्या मोजायला खांबाखाली.
नियम तीन मिनिटांचा.
सुपडूनं माझा दंड धरलेला, मी घड्याळ.
पलीकडे फेगड्यांच्या मृगबागेत
घडांनी जड झालेले खांब मोडत होते.
कडकड नव्हे, ओलं लुगडं पिळावं तसा आवाज.
त्याला चिन्ह नाही. नंतर सगळा तक्ता शोधला.
गडगडाटाला आहे, पाय मोडलेलं अक्षर आणि टोकाला बाण.
धुळीला आहे. गारेला आहे.

पस्तीस. एवढं वाचलं.
मग तिनातली एक वाटी निसटली
आणि धुळीत गेली.

रात्री विम्याचं बोलत माणसं आली.
सुकदेव फेगडे दारातच उभे.
"किती लिव्हलं?"
पस्तीस.
"अन् त्याच्या बाद?"
त्याच्यानंतर वाटी नव्हती.
"मंग आमच्या बागेले इचारा."
खोटं काहीच बोलत नव्हते ते.
पताकेला किती लागतं,
तीन रेघा, शाईचा अर्धा थेंब.
मला तर सराव होता.

काठीला तीन पिसं काढली, एक अर्धं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
यानंतर वाटी तुटली. वारा याहून जास्त होता.
किती, ते मला माहीत नाही.
रकान्यात मावेना, तेव्हा कागद फिरवून
समासात वरपर्यंत नेलं.
सुकदेवभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि चपला शोधल्या.

सकाळी साडेआठ. पाऊस चौदा पूर्णांक दोन मिलिमीटर.
आभाळ आठातलं शून्य.
वाऱ्याचा रकाना रिकामा.

सुपडू बागेतून आला,
आडव्या खांबांवरून पाय टाकत,
वाटी दोन्ही हातांत, हिंदकळू न देता.
काठापर्यंत पाणी.
"बाई, हे कुठं लिव्हायचं?"

पावसाचं पाणी चालतं, असं पुस्तकात आहे.
मी वाटी कलती करून ओल्या नळीची मलमल भिजवली
आणि पारा थांबायची वाट पाहत
पेटीसमोर उभी राहिले.